घास धरणारं बोट: तळहातातला आडवा पट्टा आणि कुष्ठरुग्णांचे हात

ज्यांना कानात हेडफोन न घालता एसटीत किंवा लंच ब्रेकमध्ये वाचायचंय, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आधी एक काम करा. मोबाईल डाव्या हातात घ्या, आणि समोर आमटी-भाताचं ताट आहे असं समजून उजव्या हाताने घास धरा. हात तिथेच थांबवा आणि नीट बघा. चारही बोटं मुळाशी वाकलीत, पण पुढे जवळजवळ सरळच आहेत. शिवाय टोकं एकमेकांजवळ येऊन अंगठ्याला भेटलीत. आता मूठ आवळा. मुठीत बोट सगळ्या सांध्यांत वाकतं, घासात फक्त मुळाशी. भाकरी थापताना, सुईत दोरा ओवताना, पाण्याचा पेला धरायला हात पुढे करताना, सगळीकडे हीच घासाची ठेवण लागते.

मूठ वळणारे स्नायू असतात कोपराच्या खाली, हाताच्या पुढच्या भागात. तिथून लांब दोऱ्या निघतात आणि मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. या दोऱ्यांना टेंडन म्हणायचं. आपल्याकडे दोरीसारखं जे काही हाताला लागतं त्या सगळ्यालाच 'शीर' म्हणतात, म्हणून आधीच सांगतो: टेंडन म्हणजे स्नायूचं टोक हाडाला बांधणारी दोरी, आणि लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. घास धरणारे स्नायू मात्र तळहाताच्या आतच असतात आणि अगदी छोटे असतात. त्यातल्या चौघांना लंब्रिकल म्हणतात. लॅटिनमध्ये गांडुळाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, आणि दिसतातही तसेच. हाडांच्या फटींमध्ये आणखी सात असतात, ते इंटरॉसियाय.

आता आजच्या गोष्टीतला हिरो. तुमच्या चार बोटांच्या मुळांना एकमेकांशी बांधणारा एक आडवा पट्टा तळहातात खोलवर आहे. पुस्तकातलं नाव डीप ट्रान्सव्हर्स मेटाकार्पल लिगामेंट. एवढं लांब नाव दर वेळी घेत बसलो तर एपिसोड दोन तासांचा होईल, म्हणून आपण त्याला नुसतं 'आडवा पट्टा' म्हणू. बोटं फाकवून बघा. टोकं लांब जातात, पण मुळं फारशी सरकत नाहीत. त्यांना या पट्ट्याने धरून ठेवलंय. अंगठा मात्र मोकळा आहे, कारण पट्टा तर्जनीपाशीच संपतो. पायात असाच पट्टा आहे, पण तिथे तो अंगठ्यालाही सामील करून घेतो. पायाच्या अंगठ्याने हातासारखं सहज पेन धरता येत नाही त्याचं एक कारण हे.

लंब्रिकल या पट्ट्याच्या पुढून, म्हणजे तळव्याच्या बाजूने जातात. इंटरॉसियाय मागून जातात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येऊन थांबणार आहे.

पुढून-मागून याने काय फरक पडतो? ज्यांनी मोट बघितली असेल त्यांना पटकन कळेल. माझ्या वयाच्या कुणी बघितली नसणार, मीही आजोबांकडूनच ऐकलंय. बैल धावेवरून आडवे चालतात आणि विहिरीतली मोट उभी वर येते, कारण नाडा चाकावरून जातो. बैल तेच, नाडा तोच, पण दोर चाकावरून गेला नाही तर मोट वर येणार नाही, काठाला घासत बसेल. खेच कुठल्या दिशेला लागणार हे बैल नाही, चाक ठरवतं. तळहातातला आडवा पट्टा हे असंच चाक आहे. दोरी त्याच्या पुढून गेली की बोट मुळाशी चांगल्या ताकदीने वाकतं. मागून गेली की तीच खेच सांध्याच्या आसाला चिकटून जाते आणि तिची तरफ तोकडी पडते.

हे कुणाच्या कामाचं? आमच्या ऑफिसात मनगट दुखलं की जो तो 'कार्पल टनेल, कार्पल टनेल' म्हणत सुटतो. तिथला पट्टा वेगळा, मनगटावरचा. त्याच्याखाली नस दाबली गेली की सर्जन तो पट्टा कापून मोकळा करतात. पॅरिसच्या द्युपुइत्राँ नावाच्या सर्जनचं नाव ज्या आजाराला आहे, त्यात तळहाताच्या कातडीखालचं आवरण आखडून बोटं आत ओढली जातात. त्यांनी १८३१ मध्ये त्यावर ऑपरेशन केलं, आणि आजही गरज पडली तर तो आखडलेला भाग कापतात किंवा काढून टाकतात. पण आपला आडवा पट्टा सहसा कुणी कापत नाही. त्याचा चाकासारखा उपयोग करायला सर्जन शिकले, आणि हे शिक्षण मोठ्या प्रमाणात झालं ते भारतात, कुष्ठरुग्णांच्या हातांवर.

मी माधवनगरचा. सांगलीला लागून असलेलं यंत्रमागांचं गाव. इथून मिरज जेमतेम तासाभराच्या आत. आमच्या भागात 'मिरजेला नेलं' म्हटलं की माणूस चांगलाच आजारी आहे असं समजतात, आणि याची सुरुवात होते विल्यम वानलेस या डॉक्टरपासून. कॅनडात जन्मलेले हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल सुरू झालं, आणि पुढे तिथेच डॉक्टर घडवणारी शाळाही निघाली. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. पण हॉस्पिटलचा हा इतिहास सांगताना एक गोष्ट लोक पटकन ओलांडून जातात. त्यांच्याच काळात मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी वेगळी संस्था उभी राहिली. आमच्या घरात 'मिरजेला' या शब्दाचा दुसरा अर्थ हळू आवाजात सांगितला जायचा, तो हाच.

त्या काळी कुष्ठरोगावर खरं औषध नव्हतं. चौलमुग्राचं तेल टोचायचे, त्याने दुखायचं जास्त आणि गुण कमी. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने तर रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबायची सोय केली होती. त्यामुळे 'उपचार' म्हणजे छप्पर, अन्न, जखमांची मलमपट्टी. हात वाकडे झाले की ते वाकडेच राहणार, रोग मांस खातो, बोटं झडतात, हे डॉक्टरांपासून सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

हात वाकडा का होतो ते एकदा समजून घेऊ. कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये घर करतात. हातात पहिला बळी बहुतेक वेळा अल्नार नस. कोपर टेबलावर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, तीच ही. ती मेली की सगळे इंटरॉसियाय आणि करंगळीकडचे दोन लंब्रिकल मरतात. मनगटाजवळ मीडियन नसही गेली तर उरलेले दोन. म्हणजे घासाचे स्नायू गेले, आणि मुठीचे स्नायू शाबूत राहिले. आता बोट मुळाशी मागे झुकतं, पुढे आकड्यासारखं वळतं. इंग्रजीत याला क्लॉ हँड म्हणतात, म्हणजे पंजाची नखं आत वळवावीत तसा हात. असा माणूस पेला धरायला गेला तर बोटाचं टोक आधी आत वळतं आणि पेला बाहेर ढकललं जातं. भात बोटांत येत नाही. आमच्याकडे मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारायचं काम चिमटीशिवाय होत नाही, तेही गेलं. कुदळ मात्र धरता येते, मूठ आहे ना!

ही मूठच १९४७ मध्ये एका डॉक्टरच्या लक्षात आली. पॉल ब्रँड, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात मिशनरी आई-बापाच्या पोटी जन्मलेले, लंडनला सर्जरी शिकून वेल्लोरच्या कॉलेजात आलेले. चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात त्यांनी एका रुग्णाला आपला हात दाबायला सांगितला. वाटलं होतं की असा वाकडा हात काय दाबणार. त्याने एवढ्या जोरात दाबला की ब्रँडना कळ आली. रुग्णाला स्वतःला मात्र तो किती जोर लावतोय ते कळत नव्हतं, कारण स्पर्शच नव्हता. ब्रँडच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे: या हातात चांगले, जिवंत, ताकदवान स्नायू आहेत. मग त्यातला एखादा काढून मेलेल्याच्या जागी जोडला तर?

ही कल्पना नवी नव्हती. ब्रिटनमध्ये स्टाइल्स यांनी १९२२ मध्ये आणि अमेरिकेत स्टर्लिंग बनेल यांनी १९४० च्या दशकात बोट वाकवणाऱ्या दोन दोऱ्यांपैकी एक सोडवून बोटाच्या बाजूला जोडली होती. पण त्यांचे रुग्ण म्हणजे जखमी सैनिक, अपघातातले लोक. कुष्ठरुग्णाच्या अंगाला सुरी लावायला कुणी तयार नव्हतं. जखम भरणारच नाही असं मानत होते. वेल्लोरच्या हॉस्पिटलातही सुरुवातीला या रुग्णांना खाट मिळत नव्हती. ब्रँडनी सुरुवात केली, जखमा व्यवस्थित भरल्या, आणि एक फुकटचा गैरसमज गेला.

दुसरा गैरसमज बोटं 'झडण्याचा'. ब्रँडच्या लक्षात आलं की बोटं आपोआप झडत नाहीत. चटके, खिळे, छाले हे दुखत नाहीत म्हणून कळत नाहीत, जखमा चिघळतात, हाड आतून कमी होत जातं. रात्री झोपेत उंदरांनी बोटं कुरतडलेली सापडली, तेव्हा रुग्णांना मांजरं देण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासातला हा मला सगळ्यात आवडलेला इलाज आहे.

पण आपण दोरीकडे येऊ. बनेलच्या पद्धतीने केलेल्या हातांत काही वर्षांनी नवीनच वाकडेपणा दिसू लागला. बोटाचा मधला सांधा उलटा, मागच्या बाजूला झुकायला लागला. कारण सरळ होतं. मधला सांधा वाकवणारी जी दोरी, तीच काढून दुसरीकडे लावली होती, आणि ती ताकदवानही होती. भारतीय लोकांचे सांधे लवचिक, त्यामुळे हा त्रास जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर एक बग फिक्स केला आणि दुसरा प्रॉडक्शनमध्ये गेला. फरक एवढाच की इथे रोलबॅक नाही.

मग ब्रँडनी बोटाच्या दोऱ्यांना हातच लावायचा नाही असं ठरवलं. मनगट मागे ओढणारा एक स्नायू घेतला. तसे दोन-तीन असतात, त्यामुळे एक गेला तरी चालतो. त्याची लांबी बोटापर्यंत पुरत नाही, म्हणून पोटरीतली एक बारीक, फारशा उपयोगाची नसलेली दोरी काढून त्याला जोड दिली आणि पुढे चार शेपट्या केल्या. आता या शेपट्या हाताच्या मागच्या बाजूने बोटांकडे न्यायच्या होत्या, आणि इथे आपला आडवा पट्टा येतो. मागच्या बाजूनेच सरळ पुढे नेलं असतं तर काम सोपं होतं, पण घास झाला नसता. म्हणून शेपट्या हाडांच्या फटींतून तळव्याच्या बाजूला काढल्या, पट्ट्याच्या पुढून लंब्रिकलच्याच वाटेने नेल्या, आणि मग बोटाच्या बाजूला टाचल्या. मोटेचा नाडा चाकावर चढवला तसा.

कुठल्या बाजूला टाचल्या हेही बघण्यासारखं आहे. मधलं बोट, अनामिका, करंगळी यांच्या अंगठ्याकडच्या बाजूला, आणि तर्जनीच्या मात्र करंगळीकडच्या बाजूला. त्यामुळे ओढ बसली की तर्जनी इकडून, बाकी तीन तिकडून, सगळी जवळ येतात. म्हणजे घास. ब्रँडनी हा विचार नेमका भात खाणाऱ्यांसाठी केला होता की नुसत्या चिमटीसाठी, ते मी सांगू शकत नाही, पण ताटासमोर बसून ही आकृती बघितली की सुटतच नाही.

वेल्लोरची एक आठवण ब्रँड स्वतः सांगायचे. ऑपरेशन करून हात सरळ झालेले काही जण परत आले आणि म्हणाले, या हातांना भीक मिळत नाही हो! वाकडा हात बघून लोक पैसे टाकायचे, सरळ हात बघून टाकत नाहीत, आणि काम तर कुणी देतच नाही. त्यानंतर वेल्लोरला हाताबरोबर कामही शिकवायला लागले.

आता आपल्या राज्यात येऊ, कारण मराठीत ब्रँडचं नाव थोडंफार ऐकू येतं, पण नोशीर अंतिया हे नाव मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत माहीतच नव्हतं. १९२२ चा जन्म, हुबळीचा. आमच्या मिरजेहून जी रेल्वे जाते तिच्यावरचं गाव. मुंबईत डॉक्टर झाले, इंग्लंडला प्लास्टिक सर्जरी शिकले, ज्यांना या शास्त्राचे जनक म्हणतात त्या हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली. १९५० च्या दशकात परत आले आणि श्रीमंतांची नाकं सुधारण्याऐवजी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात जायला लागले. आज कोंढवा म्हटलं की आपल्याला टू बीएचके आणि ट्रॅफिक आठवतं. तेव्हा ते गावाबाहेरचंही बाहेर होतं, म्हणूनच तर रुग्णालय तिथे. पुढे मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि तिथे कुष्ठरुग्णांना जनरल वॉर्डात, बाकीच्या पेशंटच्या शेजारच्या खाटेवर दाखल करून घेतलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं ऑपरेशन हेच. सुरी न लागता झालेलं.

हातांसाठी त्यांनी निवडलेला स्नायू फार हुशारीचा होता. हा तुम्हाला स्वतःवर बघता येईल. अंगठा आणि करंगळी टोकाला टोक लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहील. तिचं नाव पामारिस लाँगस. काही जणांना ती नसतेच, आणि त्यांना आयुष्यात कधी पत्ताही लागत नाही, यावरून तिची गरज किती ते कळतं. तुम्हाला दिसली नाही तर घाबरू नका. ही दोरी खाली जाऊन तळहाताच्या कातडीखालच्या आवरणात मिसळते. अंतियांनी ती तिथून सोडवून, मांडीवरच्या पातळ आवरणाच्या पट्टीने लांब करून, चार शेपट्या केल्या आणि बोटांना दिल्या. १९६९ मध्ये 'द हँड' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांनी हे मांडलं. स्नायू कमी ताकदीचा आहे, पण लवचिक हाताला तेच बरं पडतं, कारण जास्त ओढ लागून सांधे उलटे होत नाहीत. शिवाय पेशंटचं काहीच हिरावून घेतलं जात नाही. आणि ही दोरी मुळात तळव्याच्याच बाजूला असल्यामुळे शेपट्यांना मागून पुढे यायचा वळसा नाही. आडव्या पट्ट्याच्या पुढची वाट तिला जवळ पडते.

तिकडे अर्जेंटिनात एदुआर्दो झांकोली वेगळ्याच बाजूने विचार करत होते. क्लॉ हँडच्या बोटाला मुळाशी मागे जाण्यापासून नुसतं अंगठ्याने अडवा, पुष्कळदा पुढचं बोट आपोआप सरळ होतं. म्हणजे खरा दोष मुळाच्या सांध्याचाच. १९५७ मध्ये त्यांनी त्या सांध्याच्या तळव्याकडच्या जाड पडद्याला टाका घालून आवळून टाकलं. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी 'लासो' आणलं. बोटाच्या मुळाशी दोऱ्यांना धरून ठेवणारं एक कडं असतं, बोट वाकवणारी दोरी सोडवून त्याच्याभोवती फास घालून स्वतःलाच शिवायची. सोपं, कमी वेळाचं. आजही भारतात हे भरपूर केलं जातं.

ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. साधारण तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये, आणि मग खरी परीक्षा. जो स्नायू आयुष्यभर मनगट हलवत होता, त्याला आता बोट वाकवायचं शिकवायचंय. फिजिओथेरपिस्ट आधी जुनी हालचाल करायला सांगतात, मनगट हलवा म्हणतात, आणि बोट हलतं. रुग्ण चक्रावतो. मग हळूहळू मेंदू नवीन वायरिंग शिकतो. पण नस परत येत नाही, स्पर्श परत येत नाही. त्यामुळे चुलीवरचं भांडं उचलताना फडकं घ्यायचं, रोज रात्री हाताकडे डोळ्यांनी बघायचं, हे जन्मभराचं.

एक गोष्ट यात मला खटकते, ती सांगून टाकतो. या सगळ्या पद्धतींना सर्जनांची नावं आहेत. ब्रँड, अंतिया, झांकोली. पण एखादं ऑपरेशन पाच-दहा वर्षांनी कसं दिसतं हे कळायला रुग्ण पाच-दहा वर्षं समोर असावा लागतो, आणि हे रुग्ण समोर होते, कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. आश्रम हेच घर. जगभरच्या हँड सर्जरीला ही माहिती मिळाली ती गावाने बाहेर काढलेल्या माणसांकडून. आज सुताराचा हात करवतीत गेला, एखाद्याची अल्नार नस अपघातात तुटली, तर सर्जन ज्या दोऱ्या ज्या वाटेने नेतो, त्या वाटा पक्क्या झाल्या त्या या हातांवर.

बाकी तारखा पटापट सांगतो. १९४० च्या दशकात डॅप्सोन गटाची औषधं आली. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली, आणि रोग ठरावीक महिन्यांत पूर्ण बरा होऊ लागला. २००५ च्या शेवटी 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून' कुष्ठरोग देशपातळीवर दूर झाल्याचं जाहीर झालं. या वाक्यातले अवतरण चिन्हातले शब्द महत्त्वाचे आहेत. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, शून्य नाही. नवे रुग्ण अजून सापडतात, महाराष्ट्रातही. तो १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येण्याची तरतूद २०१९ मध्ये निघाली. म्हणजे तोपर्यंत औषधाने बरा झालेला माणूसही कायद्याच्या कागदावर अडकलेला होता.

आणि आता कामाची माहिती, हे स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकलं तरी चालेल. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या जागी स्पर्श कळत नाही, करंगळीच्या बाजूला बधिरपणा, कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड किंवा दुखरी, करंगळी बाकीच्या बोटांना चिकटवता येत नाही. यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवायचं. औषधं मोफत आहेत. नसेला सूज येऊन ताकद जायला लागली असेल आणि त्याला साधारण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ झाला असेल, तर गोळ्यांनी ती वाचवायची चांगली संधी असते, मग पुढची दोऱ्यांची भानगडच लागत नाही. त्यानंतर उशीर झाला तरी हात दाखवायचाच, फक्त मग दवाखाना सर्जनचा.